डॉक्टरांच्या जामिनाचा कागद

रविवार, अकरा फेब्रुवारी, सकाळी अकरा. स्थळ आमचा मोशीचा फ्लॅट, तिसरा मजला. रक्कम पाचशे रुपये. ही रक्कम त्या दिवशी कोणी कोणाला दिली नाही. टेबलावर ठेवलेल्या एका जुन्या कागदात ती लिहिलेली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. हजर माणसं पाच: मी, बायको, गावाहून आलेले माझे थोरले चुलते, त्यांचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि इंग्लंडहून आलेल्या एक बाई. चुलत्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांचं वय पंच्याऐंशी. बाईंचं एकसष्ट.

कागद तीन पानी, मोडी लिपीतला. पहिल्या पानावर आठ आण्यांचा स्टॅम्प, राजाच्या तोंडाचा. आमच्या घरात दसऱ्याला हा कागद देव्हाऱ्यासमोर मांडतात. जुन्या वह्या, कोयता, हल्ली चुलतभावाच्या गाळ्यांचे करारनामे, आणि हा कागद. सगळ्यांना हळदकुंकू लागतं. घरात मोडी कोणालाच येत नाही. आजोबांना येत होती म्हणतात, पण त्यांनी तो वाचून दाखवल्याचं कोणाला आठवत नाही.

कागदाची गोष्ट मात्र सगळ्यांना तोंडपाठ. महायुद्धाच्या आधी एक गोरा डॉक्टर चाकणच्या पुढच्या आमच्या गावात येऊन राहिला. आपल्या देशातून तो जीव वाचवून पळालेला होता. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारनं त्यालाच धरलं. तेव्हा माझे पणजोबा पुढे झाले, पाचशे रुपयांचा जामीन लिहून दिला आणि डॉक्टरांना सोडवून आणलं. त्या काळी पाचशे म्हणजे चेष्टा नव्हती, हे वाक्य गोष्टीत दर वेळी येतंच. गोष्ट तिथे संपते. पुढे डॉक्टरांचं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी तळवड्याच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळतो. आलेला माल आणि गेलेला माल जुळला नाही तर मला झोप लागत नाही. इथे माणूस आलेला दिसत होता, गेलेला दिसत नव्हता. मला ते कधी खटकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कागदाच्या कडा झिजायला लागल्या. चुलतभावानं तो चाकणच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला आणि तिन्ही पानं लॅमिनेट करून आणली. जुन्या कागदाचं याहून वाईट काही करता येत नाही, हे पुढे कळलं. त्या वेळी घरात सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली होती. मीही.

बाईंचा पहिला मेल ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर आला होता. चुलतभाऊ तिथे सदस्य आहे आणि पुढच्या निवडणुकीत वरच्या जागेसाठी त्याची तयारी चालू होती. त्यानं मेल माझ्याकडे ढकलला. फोनवर म्हणाला, "तू कंपनीत इंग्रजीत मेल टाकतोस ना, भावा? मग या बाईलाबी एक टाक. लिही की आपलंच घर. इंग्लंडहून शोधत येत्यात लोक, आपण काय साधं घराणं हाय का!"

पत्रव्यवहार चार महिने चालला. बाईंनी जे लिहिलं ते असं. डॉक्टर म्हणजे त्यांच्या आईचे वडील. व्हिएन्नाचे, धर्मानं ज्यू. नाझी तिथे पोहोचले त्याच्या काही महिने आधी ते निघाले. बायको आणि लहान मुलगी मागून कशीबशी इंग्लंडला पोहोचली, कारण त्यांना तिथला परवाना मिळाला. डॉक्टरांना हिंदुस्थानचा मिळाला होता. घर कोणत्या देशांत विभागायचं हे घरातल्यांनी ठरवलं नाही, ते परवान्यांनी ठरवलं. सात वर्षांनी सगळे पुन्हा एकत्र आले, तेव्हा मुलगी वडिलांशी बोलायला तयार नव्हती. कारण ती त्यांना ओळखत नव्हती.

बाई स्वतः इंग्लंडमध्ये जन्मल्या, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी व्हिएन्नात, तिथेच लग्न, तिथेच नोकरी. दोन वर्षांपूर्वी या मुलीला हातापायांतली ताकद जाण्याचा आजार झाला. आता तिला स्वतःचं बटण लावता येत नाही. बाईंना तिच्याजवळ राहायचं होतं, आणि राहता येत नव्हतं. इंग्लंडच्या पासपोर्टवर तिथे कोणत्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस काढता येतात. जास्त राहण्याचा परवाना त्यांना दोनदा नाकारला होता. त्यांनी मला एक तक्ता पाठवला होता, कोणत्या तारखेला आत, कोणत्या तारखेला बाहेर, किती दिवस शिल्लक. असा नीट तक्ता माझ्या हाताखालची माणसंही करत नाहीत. सर्वांत खालच्या ओळीत शिल्लक अकरा दिवस होती.

यावर उपाय एकच होता. त्या काळी छळामुळे ज्यांना देश सोडावा लागला, त्यांच्या वंशजांना तो देश आता नागरिकत्व देतो. बाईंनी अर्ज केला. कचेरीनं उलट विचारलं: तुमचे आजोबा नाझी येण्याआधीच गेले होते, आणि बोटीच्या कागदावर जाण्याचं कारण 'नोकरी' असं लिहिलेलं आहे. छळामुळे गेले, याचा त्या काळातला काही पुरावा आहे का?

नोकरी असं का लिहिलं, हे मला समजायला वेळ लागला नाही. पळून आलेल्या माणसाला तेव्हा कोणतंही सरकार किनाऱ्यावर उतरू देत नव्हतं. नोकरीवर आलेल्याला उतरू देत होतं. आत येण्यासाठी आजोबांना जे लिहावं लागलं, तेच एवढ्या वर्षांनी नातीच्या आड आलं होतं.

पुढचं त्याहून विचित्र होतं. डॉक्टर इकडे असताना त्यांचा देश शेजारच्या नाझी देशानं गिळला. त्यामुळे ज्यांच्यापासून ते पळाले होते, त्यांचाच पासपोर्ट त्यांच्या नावावर लागला. युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारच्या यादीत ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना ज्या छावणीत नेलं तिथे खऱ्या नाझींनाही ठेवलेलं होतं, बाजूबाजूच्या खाटांवर. नंतर त्या नाझी देशानं परदेशी गेलेल्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं; म्हणजे ते कोणाचेच राहिले नाहीत. इंग्रजांच्या यादीत मात्र शत्रूच राहिले. मी हे बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सासरच्यांनी हाकललं, आणि माहेरचे म्हणतात तू सासरची." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आमच्या गावात ते आले ते मुंबईतली नोकरी सुटल्यावर. आमच्याकडे जुना शब्द आहे, उपरी. ज्याचं गावात वतन नाही, शिवारात वाटा नाही, तो उपरी. पण गावानं डॉक्टरांना बलुत्याच्या यादीत घातलं होतं. सुतार, लोहार, न्हावी यांना खळ्यावर धान्याचा वाटा असतो, तसा डॉक्टरांनाही ठरला. सरकारदरबारी त्यांची नोंद परका म्हणून होती, आणि खळ्यावर त्यांच्या नावाची बाजरी निघत होती. तात्यांचा जन्म त्यांच्याच हातचा. मूल पायाळू होतं, आजी दोन दिवस अडलेली होती.

तर तो रविवार. बाई आकुर्डीच्या हॉटेलात उतरल्या होत्या, शुक्रवारी रात्री त्यांचं परतीचं विमान होतं. उंच, वाकलेल्या, पांढऱ्या केसांच्या. आल्या आल्या चपला बाहेर काढून आत आल्या. चुलतभाऊ खास कडक इस्त्री करून आला होता. त्यानं लगेच कागद पुढे धरला.

"मॅडम, धिस पेपर! अवर ग्रँड ग्रँडफादर! फाइव्ह हंड्रेड रुपीज! युवर ग्रँडफादर, फ्री!"

"आधी तिला बसू तरी द्या भावजी," बायको आतून म्हणाली. "पोवाडा जेवणानंतर गा. मासवड्या गार होतायत."

तात्या काठी धरून खुर्चीत बसले होते. "इचार तिला," ते मला म्हणाले, "परवास बरा झाला का? आन लेक कशी हाय?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, प्रवास बरा झाला, लेक बरी नाही. मी तेवढंच मराठीत सांगितलं. तात्यांनी मान हलवली.

जेवण झाल्यावर बाईंनी कागद चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, या तीन पानांत नेमकं काय लिहिलं आहे? चुलतभावानं पुन्हा जामिनाची गोष्ट सांगितली, या वेळी हिंदीत, मी इंग्रजी केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ही गोष्ट मला समजली. पण कागदात काय आहे? ओळीन् ओळ?

तात्या म्हणाले, "मोडी हाय ते. कुनाला वाचता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या की जसं हाय तसं."

मी म्हणालो, "पुण्यात वाचणारे आहेत. शिक्कामोर्तब करून देतात."

"मंग काय," तात्या म्हणाले. "तुझ्या हातात हाय."

मला वाटलं ते थकलेत.

मंगळवारी रजा टाकून मी मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. निवृत्त शिक्षक, पुण्यात पेठेतल्या दोन खोल्यांत राहणारे. जमिनीच्या दाव्यांसाठी, जातीच्या दाखल्यांसाठी लोक त्यांच्याकडे येतात. दर पानाला चारशे रुपये, सहीशिक्क्यासह. कागद हातात घेताच ते चिडले.

"हे कोणी केलं?"

"घरातल्यानंच. जपावं म्हणून."

"जपावं म्हणून! पाकात माशी बुडवून ठेवावी तसं केलंय. आता हा आतल्या आत भाजत जाईल. काढायला गेलात तर शाई प्लॅस्टिकबरोबर येईल." मग भिंग घेऊन खिडकीशी बसले. चारपाच ओळी वाचल्या आणि वर पाहिलं. "तुम्ही काय म्हणालात, जामिनाचा कागद?"

"हो. पणजोबा जामीन राहिले होते."

"राहिले होते, खरं. पण हा तो कागद नव्हे. हा जामीन काढून घेतल्याचा अर्ज आहे. मामलेदारांना. खाली त्यांच्या कचेरीची पोच आहे."

मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. मजकूर साधारण असा: सदर डॉक्टर इसमाबद्दल मी मागे पाचशे रुपयांचा जामीन लिहून दिला होता. सदर इसमाने मला असे सांगितले होते की त्याचे शहरात तो यहुदी धर्माचा असल्याने त्यास कामावरून काढले, दोन वेळा मारहाण झाली, व पुढे जिवास धोका आहे असे जाणून त्याने देश सोडला. नोकरीचे निमित्त केले ते परवानगी मिळावी म्हणून. ही हकीकत खरी की खोटी हे मला समजण्यास मार्ग नाही. सांप्रत सरकार त्या देशच्या सर्व लोकांस शत्रू समजते. मी मुलाबाळांचा धनी आहे. तरी आजपासून सदर इसमाबद्दल माझी जबाबदारी नाही. सरकारने त्यास ताब्यात घ्यावे.

दुसऱ्या पानावर पणजोबांची सही आणि दोन साक्षीदार. तिसऱ्या पानावर पोच.

मी खाली रस्त्यावर येऊन स्कूटरला टेकून उभा राहिलो. दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. पहिली, बाईंना हवा होता तो पुरावा यात होता: मारहाण, धोका, नोकरीचं निमित्त, सगळं, त्या काळातल्या माणसाच्या सहीनं, सरकारी पोचेसह. दुसरी, तो पुरावा देणाऱ्या माणसानं त्याच कागदानं त्यांच्या आजोबांना छावणीत पाठवलं होतं. पणजोबांनी तो का जपला, हेही उघड होतं. जबाबदारीतून सुटल्याची पोच कोणीही जपून ठेवतो. मीही ठेवली असती.

पणजोबांना बोल लावावा असं त्या वेळी मला वाटलं नाही, त्याला कारण आहे. मागच्या वर्षी आमच्या कंपनीतल्या बीडच्या एका ऑपरेटरला चाकणला खोली हवी होती. घरमालकानं पोलिसांच्या फॉर्मवर ओळखीच्या स्थानिक माणसाची सही मागितली. त्या मुलाला मी तीन वर्षं रोज पाहत होतो, एक नट इकडचा तिकडे झालेला नव्हता. तरी मी म्हणालो, साहेबांना विचारून सांगतो, आणि साहेबांना विचारलंच नाही. मला कोणी धमकावलेलं नव्हतं. युद्धही चालू नव्हतं.

बुधवारी कामावरून थेट गावी गेलो. चुलतभाऊ गाळ्यांच्या कचेरीत होता, समोर उलगडलेला फ्लेक्स. बाईंचा मोबाइलवर काढलेला फोटो, शेजारी पणजोबांचं फेटा बांधलेलं चित्र, मध्ये कागद, आणि वर ठळक अक्षरांत 'शब्दाला जागणारं घराणं'. मी लिप्यंतर त्याच्या हातात दिलं. तो दोनदा वाचून गेला.

"हे त्या बाईला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग दाखवू नको ना! त्या मास्तरला सांग, जामीन दिला असं लिही. अजून हजार देऊ. तिकडं व्हिएन्नात कोण मोडी वाचणार हाय, राव?"

"खोटं लिहून ते सही करणार नाहीत. आणि मी सांगणारही नाही."

"बरं, मग पहिलंच पान दे. मारहाण, धोका, तेवढंच. तिचंबी काम झालं, आपलंबी झाकलं."

"कचेरीनं पूर्ण कागद मागितलाय. शिवाय घरातल्या सर्वांत वडील माणसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. कागद कोणाचा, कोणाच्या ताब्यात होता, काय म्हणून लिहिला. ते तात्यांनी करायचं."

"आणि ते करतील? या वयात नोटरीपुढं जाऊन म्हणतील, आमच्या आज्यानं दगा दिला? तू लईच सरळमार्गी हाईस. पन फ्लेक्सचे पैसे कोन देनार?" रागावला की त्याची गावची बोली वर येते.

मी म्हणालो, प्रतिज्ञापत्र झालं नाही तर बाईंचा अर्ज फेटाळला जाईल, आणि त्यांच्याकडे अकरा दिवस शिल्लक आहेत. तो म्हणाला, "ते तू तात्यांना सांग. मला त्यात पाडू नको."

तात्या घराच्या पुढच्या पडवीत खाटेवर होते. रस्त्यापलीकडे पूर्वी आमचं कांद्याचं रान होतं, तिथे आता कंटेनरांची रांग लागते. मी लिप्यंतर वाचायला सुरुवात केली. चार ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"बास. ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"त्यानं जामीन काढून घेतला त्ये."

"तुम्हाला मोडी येते?"

"न्हाई. आईनं सांगितलं व्हतं. मरायच्या आदल्या साली." त्यांनी पलीकडच्या कंटेनरांकडे पाहिलं. "पोलीस गावात आलं तवा डाक्टर आपल्या दारात आला. म्हनला, मालकाला भेटतो, येकदा बोलतो. माझा आजा आत माजघरात बसला व्हता. त्यानं आईला फुडं धाडलं. सुनंला. म्हनला, सांग मामंजी घरात न्हाईत. तिनं जाऊन सांगितलं. मी तिच्या कडंवर व्हतो. ज्यानं मला काढला, तिला वाचवली, त्याच्या तोंडावर तिनं सांगितलं."

"मग इतकी वर्षं..."

"इतकी वरसं काय? माझा बाप गोष्ट सांगायचा जामिनाची. ती खोटी न्हवती. जामीन दिला व्हता की! पयली निम्मी गोष्ट खरी. फुडली निम्मी त्यानं कधी सांगितली न्हाई, मीबी न्हाई." मग म्हणाले, "आईनं मला सांगितलं, पन बापाला कधी तोंडावर म्हनली न्हाई. दसऱ्याला त्या कागदाला कुकू लावायची पाळी आली की ती चुलीकडं निघून जायची. आमी म्हनायचो, बाईला कामं लई."

मी त्यांना प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. काय लिहावं लागेल, कुठे सही, न केल्यास काय होईल. त्यांनी बाईंच्या मुलीबद्दल विचारलं, कोणता हात जास्त गेलाय. मी म्हणालो, उजवा. ते म्हणाले, "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

गुरुवारी संध्याकाळी बाईंना आकुर्डीच्या हॉटेलात भेटलो. खालच्या हॉलमध्ये कोणत्या तरी कंपनीची मीटिंग चालू होती, माइकवरून टार्गेट सांगत होते. मी लिप्यंतराचं इंग्रजी करून नेलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग पर्समधून एक लहान वही काढली, पिवळट, बारीक तिरक्या अक्षरांनी भरलेली. आजोबांची. चिठ्ठी लावलेलं पान उघडून त्यांनी मला दोन ओळी भाषांतर करून सांगितल्या. 'कांदेवाल्याच्या घरी गेलो. घरात नाही असं सांगितलं. जोडे दारात होते.'

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"जोडे माहीत होते," त्या म्हणाल्या. "कागद माहीत नव्हता."

"मग रविवारी तुम्ही आमची गोष्ट ऐकून घेतलीत, काही बोलला नाहीत."

"मी तुमच्या घरी जेवायला आले होते."

मी विचारलं, त्यांनी आमच्या पणजोबांबद्दल आणखी काही लिहिलंय का, रागानं. त्या म्हणाल्या, नाही. आधीच्या पानावर लिहिलंय की पहिल्या सुटकेनंतर या माणसानं बैलगाडीतून आणलं आणि वाटेत एक शब्द बोलला नाही, कारण दोघांची भाषा एक नव्हती. मग हे जोडे. त्यानंतर छावणी. त्यांनी वही मिटली आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा बघायला मागितला. एका ठिकाणी तारखेचा क्रम चुकला होता, तो त्यांनी पेन्सिलीनं दाखवला. चूक माझी होती.

निकाल नंतर लागला, पण तो आधी सांगून टाकतो. ऑक्टोबरात बाईंचा मेल आला. कचेरीनं पुरावा मानला, नागरिकत्व दिलं. आता त्या मुलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. तक्ता बंद केलाय, असं त्यांनी लिहिलं. चुलतभावाचा फ्लेक्स लागला नाही. त्यानं तो उलटा करून पत्र्याच्या शेडवर पावसासाठी टाकला, आणि निवडणुकीत तो काही वेगळ्याच कारणानं पडला. त्या वर्षी दसऱ्याला कागद मांडायचा की नाही यावर घरात वाद झाला. तात्यांनी मांडायला सांगितलं. मात्र आधी माझ्या मुलीला लिप्यंतर मोठ्यानं वाचायला लावलं, तिन्ही पानं, सगळे बसलेले असताना. मोडीवाल्यांचे बाराशे मी दिले होते, ते बाईंनी पाठवले. मी नको म्हटलं तर त्यांनी हिशोब पूर्ण असावा असं लिहिलं.

त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही राजगुरुनगरला कोर्टाच्या आवारात नोटरीकडे होतो. झाडाखाली टेबल, प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, शिक्क्यांचा डबा. मी, तात्या, बाई. चुलतभाऊ गाडी घेऊन आला, पण गाडीतच बसून राहिला. नोटरीनं प्रतिज्ञापत्र तात्यांना वाचून दाखवलं, कारण तसा नियम आहे. 'माझे आजोबा यांनी सदर जामीन स्वखुशीने काढून घेतला' इथे ते थांबले आणि म्हणाले, "आजोबा, हे असंच ठेवायचंय ना? 'परिस्थितीमुळे' वगैरे घालू का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "हाय तसं."

"पाहुण्या कोण?"

"डाक्टरची नात."

नोटरीनं बाईंकडे पाहिलं आणि पेन तात्यांपुढे सरकवलं. तात्यांनी सही केली. त्यांची सही सावकाश असते, प्रत्येक अक्षर सुटं. पेन कागदावरून उचलायच्या आत त्यांनी दुसरी प्रत मागितली, आणि तिच्यावरही तितक्याच वेळात केली. शिक्के पडले, रजिस्टरात नोंद झाली.

बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तात्यांकडे हात पुढे केला. तात्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उजवा आहे हे बघितलं आणि सोडला. बोलले काही नाहीत. बोलले असते तर मला भाषांतर करावं लागलं असतं.

फी दोनशे रुपये झाली. मी पाकीट काढलं होतं. तात्यांनी माझा हात बाजूला सारून कोपरीच्या आतल्या खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "पावती माझ्या आज्याच्या नावानं करा."

नोटरी म्हणाले, मयताच्या नावानं पावती होत नाही. पैसे देणाऱ्याच्या नावानं होते.

मग ती तात्यांच्या नावानं झाली. दोनशे रुपये, रोख, नोटरीला मिळाले.